ताटलीवाली

सिदोनी : परत फुंकर मारलीस! ओदिल, ताटली नाहीये ती. तेलरंग आहे, फुंकून वाळत नाही.

ओदिल : सवय आहे हो बाई. चिनी मातीच्या कारखान्यात इतकी वर्षं ताटल्यांवर गुलाबच काढले.

सिदोनी : दिसतंय. नाक कॅनव्हासला टेकलंय नि एकेक पाकळी कोरत बसलीये ताटलीवाली. तिकडे उजेड बदलत चाललाय.

ओदिल : मग काय करू? उद्या कुऱ्हाडवाले येणारेत. रेल्वे या बागेतूनच जाणार. बाबा जाणार रुआँला, दादाकडे. खिडकीतून नुसती धुराडी दिसतात तिथे. त्यांना ही बाग चित्रातून बरोबर न्यायचीये. एक झाड तरी नीट यायला नको?

सिदोनी : झाड नको काढूस. तुझ्या नि झाडाच्या मधे जे आहे ते काढ.

ओदिल : मधे काय आहे? हवा.

सिदोनी : तीच. घे चाकू, खरवड सगळं.

ओदिल : सगळं? अहो, पहाटेपासून बसलेय मी!

सिदोनी : खरवड. हं. आता खोडाखालची सावली. रंग कुठला?

ओदिल : काळा. अरेच्चा, काळ्याची नळी कुठे गेली?

सिदोनी : माझ्या खिशात. मिळायची नाही. डोळे बारीक कर. अजून. आता सांग.

ओदिल : काळी... नाही. बाई, निळी आहे ही! जांभळी. आणि कडेला... आई गं, कडेला गुलाबी! हे कधीपासून असंय?

सिदोनी : तू जन्मायच्या आधीपासून.

ओदिल : मी या सावलीत झोपलेय हो लहानपणी. मला दिसलं कसं नाही?

सिदोनी : रडायचं नंतर. जाड ब्रश घे. ठिपका टाक, सोड. घासू नको! ओल्यावरच ओला टाक. शेजारी नारिंगी.

ओदिल : ठिपके जागेवर बसत नाहीत हो.

सिदोनी : नको बसू देत. पानं तरी कुठे स्थिर आहेत?

(ऊन चांगलं वर आल्यावर ओदिलचे बाबा अँसेल्म सफरचंदाच्या सायडरचा जग घेऊन येतात.)

अँसेल्म : झालं का माझं चित्र? बघू... अगं, यावर कोंबड्या नाचल्या की काय?

ओदिल : बाबा...

अँसेल्म : ताटल्यांवर किती सुरेख काढायचीस! यात झाड कुठलं, गवत कुठलं? बाई, पोरगी बिघडवलीत तुम्ही.

सिदोनी : बिघडवलीच. जरा मागे या. अजून मागे. पार विहिरीपर्यंत.

अँसेल्म : इतक्या लांबून काय डोंबल दिसणार मला...

ओदिल : बाबा?

अँसेल्म : गप. बोलू नकोस.

ओदिल : फारच बिघडलंय का?

अँसेल्म : हे आज सकाळचं आहे. मी गाय सोडली ना, तेव्हाचं. ते तर गेलं सगळं, ऊन वर आलं. मग इथे कसं राहिलं?

ओदिल : म्हणजे आवडलं? थांबा, तुमच्याजवळ आणते.

अँसेल्म : अनवाणी कुठे निघालीस? लाकडी बूट घाल आधी. दव आहे गवतावर.

ओदिल : बाबा, दव केव्हाच सुकलं.

अँसेल्म : (चित्राकडे बोट दाखवत) तिथलं नाही सुकलं.