ओतिलियाचा खोकला

…बसा हो फिलेमोनदादा, बसा. बोलणी करायला आलात ते दिसतंयच – नवी टोपी, दारात बांधलेल्या दोन टर्की, पावाची टोपली, चॉकलेट – पण आधी पाय तर मोकळे करा. नाही नाही, भाषण नको. गावातल्या सगळ्या सोयरिकी तुम्हीच जुळवता, तुमचं ते ‘या अंगणातलं फूल’ मला तोंडपाठ आहे. आणि ती बाटली जरा तिकडे सरकवा. मुलीच्या बापानं मुलाकडच्या मेस्कालचा, त्यांच्या घायपाताच्या दारूचा, घोट घेतला की मुलगी दिली – गाव मोडेल, पण हा रिवाज मोडायचा नाही. म्हणून मी आपला पाणी पितोय. कळलं ना?

पोरगा वाईट आहे असं कुठं म्हटलं मी? आरिस्तेओ कष्टाळू आहे, त्याच्या बापाची भट्टीही बरी चालते. पण नदीपलीकडे! माझी ओतिलिया तिकडे गेली की इकडे – इकडे काय, मी आहेच की खंबीर. चार पिढ्यांची दारूभट्टी आहे आमची. शहरातून लोक येतात, मी थेंबभर जिभेवर ठेवतो अन् सांगतो – घायपात कुठल्या डोंगरावरची, नीट भाजली की करपली. नुसत्या माना डोलावतात. पोरीचं काय, ती आपली आत चुलीपाशी असते, मक्याच्या भाकऱ्या थापत.

बघू, द्या ती बाटली. हलवून बघतो फक्त, हलवल्यानं कुणाची सोयरीक झालेली नाही अजून. हं… बुडबुडे बरे टिकतायत. वाटीत ओतू थोडं, रंग दिसतो. वास… आणि हे एवढंसं, जिभेच्या टोकाला – छे! धूर फार. भट्टीतून शेवटी उतरणारं पाणचट वेळेवर तोडलेलं नाही, ओल्या गोणपाटासारखं –

काय? तो होय, ओतिलियाचा खोकला. चुलीचा धूर, दुसरं काय. तर म्हणत होतो, अगदीच वाईट नाही म्हणा – परत खोकली. बरं, चांगलंय! उत्तम आहे, झालं? …बघा, थांबला की नाही खोकला.

हसू नका हो. आणि कुणाला सांगाल तर याद राखा. मागं मोठा ताप आला, त्यात माझ्या जिभेची चवच गेली. तिखट कळत नाही, गोड कळत नाही, तुमचं मेस्काल अन् विहिरीचं पाणी मला सारखंच. मी बोलतो, चुकलो की ती आतून खोकते, मी शब्द फिरवतो. तिच्या जिवावर चाललंय सगळं. आता तुमच्या बाटलीची चव तिला आधीपासून कशी ठाऊक, ते मी विचारत नाही अन् तुम्हीही सांगू नका. पण ही गेल्यावर माझ्यासाठी खोकणार कोण?

वाटीकडे काय बघताय? रिकामी? अहो, ती मी चाखली! चाखणं वेगळं अन् पिणं – टोपी कसली चढवताय, बसा! बरं, प्यायलो. घशाखाली कधी गेली ते कळलंच नाही मेल्याला. पण माझी अट आहे. पोरगा घरजावई म्हणून इथं राहायला –

झालं. खोकली.

मग सहा महिने इकडे, सहा महिने – हं. निदान लग्न पुढल्या वर्षी – अगं, घसा फाटेल तुझा!

बरं बाई. जाईल. नदीपलीकडे जाईल, याच वर्षी जाईल. आणि माझं काही अडायचं नाही, मी एकटा मजेत राहीन.

…ऐकू येतंय का काही, दादा?

अगं ओतिलिया. खोटं बोललो ना आत्ता. खोक की.