व्यवसाय : गृहिणी

(लोहाऱ्याच्या पुढचं एक खाजगी मेडिकल कॉलेज. बायकांचा वॉर्ड, सकाळचा राउंड. मेडिसिनचे विभागप्रमुख हबीब सर, लेक्चरर डॉ. मोनाली आणि नऊ नंबरच्या खाटेवर फुलसावंगीच्या कौसल्याबाई.)

हबीब सर : ते काही नाही, सुट्टीच्या कागदावर मी सही करतो. बाहेर व्हरांड्यात फवारणीतून विषबाधा झालेले चार पेशंट सतरंजीवर पडलेत, आणि इथे आपण अशक्तपणाला खाट देऊन बसलोय.

मोनाली : सर, पाच मिनिटं. ह्यांना नुसता अशक्तपणा नाही. घरी गेल्या तर परत येतील, तेही आल्या तर.

हबीब सर : उलट्या, चक्कर, घाम, डोळ्यांपुढे अंधारी. केसपेपर तुमच्याच विद्यार्थ्याने, राजदीपने लिहिलाय. व्यवसाय, गृहिणी. निदान, अशक्तपणा. अक्षर सुंदर आहे पोराचं.

मोनाली : अक्षराबद्दल माझी तक्रार नाही, सर.

हबीब सर : आणि निदान माझ्या नोट्समधलं आहे. शहाण्णव सालापासून हेच डिक्टेट करतोय.

मोनाली : मीही उतरवून घेतलंय. तुम्ही मध्ये खोकलात की आम्ही स्वल्पविराम द्यायचो.

हबीब सर : म्हणून तर पास झालात. नाही तर आमचे दुसरे लेक्चरर, सदाशिवराव बघा. तोंड स्लाइडकडे, पाठ वर्गाकडे. मुलांना विषय येत नाही, पण सरांना मागून कुठेही ओळखतात. आणि तुमच्याबद्दल तर प्रिन्सिपलकडे अर्ज आलाय. मॅडम शिकवतच नाहीत, एक प्रश्न विचारतात आणि गप्प उभ्या राहतात.

मोनाली : गप्प राहिलं की मुलं विचार करतात.

हबीब सर : घड्याळ बघतात. पोर्शन कोण संपवणार?

कौसल्याबाई : साहेब, तुमचं भांडन व्हाचं असन तं होऊ द्या, मी निंगू का? महागावची गाडी भेटन मले.

हबीब सर : भांडण नाही, बाई. चर्चा चाललीय.

कौसल्याबाई : आमच्या घरी याले भांडनच म्हंतात.

मोनाली : कौसल्याबाई, मुलांनी तुम्हाला काय काय विचारलं हो?

कौसल्याबाई : बारा जनाईनं इचारलं जी. नाव, गाव, लगन कधी झालं, लेकरं किती. मंग थो चष्म्यावाला म्हने, घरीच असता ना? म्या म्हनलं, हो बाप्पा, घरीच असतो, झोपाले. पन थ्यानं पहिलेच लिहून टाकलं होतं.

मोनाली : आणि दिवसा?

कौसल्याबाई : दिवसा वावरात. निंदन, येचनी, आन आता फवारा चालू हाय.

हबीब सर : फवारणी तुम्ही करता?

कौसल्याबाई : मी कायले करन? पंप आमचे घरचे मारतेत. बाईमानूस कुठी पंप घेत असते का?

हबीब सर : झालं, मॅडम? स्वतःच नाही म्हणतात. आणा तो कागद... हे बघा, लागल्या गप्प उभ्या राहायला. माझ्यावर कशाला प्रयोग करता? मी काय तुमच्या बॅचमध्ये आहे?

मोनाली : पुढचा प्रश्न तुम्ही विचारा ना, सर.

हबीब सर : माझ्या नोट्समध्ये पुढचा प्रश्न नाही.

मोनाली : माहीत आहे.

हबीब सर : ... बरं. बाई, ते पंप मारतात तेव्हा तुम्ही काय करता?

कौसल्याबाई : उभी राह्यतो का मंग? हिरीवरून पानी आनतो, टिपाडात दवाई वततो, कालवतो, पंप भरून देतो. दिसाचे वीस-बावीस पंप होतेत.

हबीब सर : कालवता कशाने?

कौसल्याबाई : हातानं. कोपरापावतर. काडीनं कालवलं का बुडाले तसंच राह्यते ना जी.

हबीब सर : हातमोजे?

कौसल्याबाई : हातमोजे तं लगनातबी नाही भेटले मले.

हबीब सर : आणि लुगडं ओलं होत असेल.

कौसल्याबाई : व्हते ना. औंदा कापसाची पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली. भरला पंप घेऊन वळीतून चाललं का फवाराबी आंगावरच येते. संध्याकाळी त्याच लुगड्यावर सैपाक.

हबीब सर : इकडे बघा. टॉर्चकडे नाही, माझ्याकडे. हं... मोनाली, डोळ्यांतल्या बाहुल्या पाहिल्यात?

मोनाली : पहाटे पाहिल्या. टाचणीच्या टोकाएवढ्या आहेत. सात वाजता तुम्हाला फोन केला होता.

हबीब सर : आणि मी काय म्हणालो?

मोनाली : घरी बसणाऱ्या बाईला फवारणी कशी बाधेल, म्हणालात.

हबीब सर : बरोबर. आणि तुम्ही मला इथे आणून उभं केलंत. फोनवर भांडला असतात तर दोन तास तरी वाचले असते.

मोनाली : भांडले होते, सर. तुम्ही फोन ठेवलात.

हबीब सर : ... ठेवला. विषावरचं अ‍ॅट्रोपिन सुरू करा, आत्ता. रक्त पाठवा. आणि हा सुट्टीचा कागद फाडा. नाही, थांबा, मीच फाडतो.

कौसल्याबाई : म्हंजे? मले सोडत नाही का तुम्ही?

हबीब सर : नाही, बाई. त्या दवाईनंच तुम्हाला हे झालंय. आता चार-पाच दिवस तरी नाही.

कौसल्याबाई : आन वावर? आर्ध्या पऱ्हाटीले फवारा बाकी हाय!

मोनाली : तुम्ही नसलात की फवारा बंद असेल ना?

कौसल्याबाई : बंद कायले राह्यते? अळी थांबते का?

हबीब सर : मग आता टिपाडात हात कोणाचा आहे?

कौसल्याबाई : जावेचा. मैनाबाईचा. तीन दिवस झाले, थेच कालवून राह्यली.

मोनाली : तिला काही त्रास?

कौसल्याबाई : तरास नाही जी. चक्कर येते, उलट्या होतेत. पन थे पोटुशी हाय ना, सातवा चालू हाय. परवा गावातल्या डॉक्टरले दाखोलं.

हबीब सर : काय म्हणाला तो?

कौसल्याबाई : म्हने, घरीच असता ना? मंग अशक्तपना हाय. हुशार हाय जी पोरगा, तुमच्याच कालेजात शिकला.