बसक्या नाकाचा मान

अरे, आमच्या ताईला बघायला पाहुणे आलते, ते सांगतो. सिरसाळ्याचं मे महिन्यातलं ऊन, घरात एकच कूलर, आणि तो लावलेला आमच्या पग कुत्र्यासमोर. मुलाचे वडील घाम पुसत म्हणाले, "कूलर जरा इकडं फिरवता का?"

आमचे दादा, म्हणजे वडील, म्हणाले, "न्हाई बा. त्याचं नाक बसकं हाय, उकाड्यात त्याला श्वास पुरत न्हाई. डॉक्टरनं बजावलंय. तुमचं नाक चांगलं लांब हाय."

आईनं कपाळाला हात लावला. मला वाटलं, मोडली सोयरीक.

तेवढ्यात नवरामुलगा खुर्चीवरून उठला आणि सरळ कुत्र्याशेजारी फरशीवर जाऊन बसला.

आत जाऊन मी ताईला विचारलं, "कसा वाटला?"

"हो म्हणून सांग," ताई म्हणाली. "दादांशी वाद न घालता ह्या घरात हवा खाणारा हा पहिलाच माणूस हाय."