एकशे दहा ग्रॅम वायू

जबाब देणाऱ्याचे नाव : ओळखपत्राप्रमाणे, प्रत सोबत जोडली आहे. कामावर ‘तराजू’ म्हणतात. वय ५६ वर्षे. धंदा : नोकरी, वायू तपासणी प्रयोगशाळेच्या रवानगी खोलीत पॅकर. राहणार : मालधक्क्यामागची तीन मजली इमारत, दुसरा मजला, जिन्याला लागून.

समक्ष हजर राहून सांगतो की, मी वरील ठिकाणी पत्नी व सासूबाईंसह राहतो. गॅस पुरवणाऱ्या कंपनीने माझ्याविरुद्ध अर्ज दिला आहे की, मी तपासणीच्या नमुन्याचे सील तोडून पुराव्याशी छेडछाड केली. त्याबद्दल विचारल्यावरून ही हकीकत देत आहे.

रवानगी खोलीत मला सव्वीस वर्षे झाली. पेट घेणाऱ्या वायूंचे नमुने पोलादी बाटल्यांतून येतात, ते बांधून आम्ही मोठ्या प्रयोगशाळेकडे पाठवतो. झडप गळत नाही ना, हे साबणाच्या पाण्याने बघायचे. वर टोपण चढवायचे. बाटली हलणार नाही अशी खोक्यात उभी बसवायची, ज्वालेचे लाल लेबल लावायचे, आणि आत काय आहे व गळाले तर कुणाला फोन करायचा, हा कागद चालकाच्या हातात द्यायचा. बाटली काठोकाठ भरायची नाही. निदान पाचवा हिस्सा मोकळा ठेवायचा. दाबाने आत वायूचा द्रव झालेला असतो, उन्हाने तो फुगतो, त्याला जागा लागते. आपण दिली नाही तर तो पोलाद फाडून घेतो. हा नियम कुणाला खुर्चीत बसून सुचला म्हणून लिहिलेला नाही, कुणाचे तरी हात गेले तेव्हा लिहिला गेला. मी कामगारांच्या सभांत बोलतो, हे ठाण्यात ठाऊक आहे. हवालदार म्हणाले की इथे सभा नको, वेळ सांगा. म्हणून वेळ सांगतो.

मंगळवारी सकाळी १०.२० वाजता एका कारखान्याच्या कँटीनमधला नमुना आला. तिथे आठवड्यापूर्वी भडका उडून स्वयंपाकीणबाईंचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले. सोबतच्या फॉर्मवर ‘गॅसला वास आहे किंवा नाही, हे तपासावे’ असे लिहिले होते. या गॅसला मुळात वास नसतो, गळती कळावी म्हणून पुरवठादार तो मिसळतो.

मी बाटली काट्यावर ठेवली. रिकामे वजन बाटलीवर कोरलेले असते. ते वजा करता आत पाचशे तीस ग्रॅम भरले. त्या बाटलीत चारशे वीसच्या वर भरायचे नाही. काटा बदलून पुन्हा ठेवली, तेच वजन आले.

१०.३५ ला नमुना घेणाऱ्या सुरक्षा निरीक्षकांना फोन केला. ते नोकरीत नवीन आहेत. नमुना कमी पडू नये म्हणून त्यांनी बाटली गच्च भरली होती. मी दुसरा नमुना मागितला. ते म्हणाले की गॅस कंपनीने कँटीनच्या टाक्या कालच उचलून नेल्या, आता कुठून आणू. मग म्हणाले, “बाई सांगते वास आलाच नाही. कंपनी म्हणते वास येत होता, बाईने दुर्लक्ष केले. एवढी बाटली सोडून तिच्या बाजूने कोणी नाही. सीलला हात लावू नका, काका.” त्यांचा आवाज रडवेला होता. मी फोन ठेवला.

आमच्या गाडीचा चालक बाहेर उभा होता. त्याला ‘शिट्टी’ म्हणतात. ऊन रणरणते होते, गाडीला पत्र्याचे छप्पर आणि प्रवास सात तासांचा. मी त्याला वजन सांगितले. तो म्हणाला की द्या, नेतो, आजवर काय फुलेच नेली का. मी म्हणालो, “तुझ्या पाठीमागे दीड हातावर ठेवणार आहे मी ती.” त्यावर त्याने गाडीची किल्ली खिशात ठेवली. नेहमीची शिट्टीही वाजवली नाही.

११.०५ ला मी बाटली आणि काटा मागच्या मोकळ्या आवारात नेला. आसपास विस्तव, मोटार, मोबाईल काही नव्हते. चालक आणि झाडलोट करणाऱ्या मावशी यांना लांब, पण वास पोचेल अशा जागी उभे केले. या मावशींना झाकलेल्या डब्यावरून कुणाच्या घरी काय शिजले ते कळते, त्यावरून त्यांची रोज थट्टा होते. सील मी जाणूनबुजून तोडले, तुकडे लिफाफ्यात ठेवले. झडप किंचित सैल करून थोडा थोडा गॅस सोडला, मध्ये मध्ये वजन केले. एकशे दहा ग्रॅम सोडल्यावर झडप बंद केली.

एरवी एवढा गॅस सुटला की आवारात नाक धरून उभे राहावे लागते. मला वास आला नाही. चालकाला आला नाही. मावशी माझ्याकडे बघत म्हणाल्या, “अहो, सुटतोय ना तो?” मी काटा दाखवला. त्या खाली बसल्या. म्हणाल्या, “मग ती बिचारी खरंच बोलत होती.”

मी दोन्ही वजने, वेळ आणि वास नसल्याचे कागदावर लिहिले, तिघांनी सह्या केल्या. नवीन सील लावून बाटली नियमाप्रमाणे बांधली. ११.५० ला गाडी सुटली. नमुना संध्याकाळी सुखरूप पोचला. कंपनीचे म्हणणे आहे की वास बाटलीच्या नव्या पोलादात मुरला असेल. ती बाटली अकरा वर्षे याच गॅसला वापरतात, नोंदवही आणली आहे.

मंगळवारीच आमच्या व्यवस्थापकांनी बोलावले. ते भले गृहस्थ आहेत. म्हणाले, बांधताना बाटली हातातून निसटली आणि सील तुटले, एवढेच लिहून द्या, नोकरी वाचेल. मी दिले नाही.

वरील जबाब हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. ‘हाताळताना सील चुकून तुटले’ असे वाक्य त्यात होते. मी ते बोललो नव्हतो. हवालदार खालच्या आवाजात म्हणाले की राहू द्या, दोन वर्षांनी निवृत्ती आहे तुमची. त्यांचे मन मला कळले. पण सील चुकून तुटले असेल तर मी वजन केले नाही, साक्षीदार उभे केले नाहीत, वास घेतला नाही, आणि बाई पुन्हा एकटी पडते. म्हणून ते वाक्य खोडायला लावून त्या जागी ‘सील मी जाणूनबुजून तोडले’ असे लिहवून घेतले. खाडाखोडीवर सही केली आहे. आता जे लिहिले आहे ते मी सांगितले तसेच आणि खरे आहे.