केस धुणारी बाई

(फुकुओका, सोमवार सकाळ. रुग्णालयातल्या खोलीत डॉ. उरामोतो, पेशंट मिनोरी कोगा आणि एक वयस्कर बाई.)

डॉक्टर : घरच्या कुणाला तरी आणा म्हटलं होतं, कोगासान. असे रिपोर्ट आम्ही घरच्यांसमोर सांगतो.

मिनोरी : आणलंय की.

डॉक्टर : या आई का?

बाई : छे हो. मी हिचे केस धुते.

डॉक्टर : केस?

बाई : स्टेशनमागे सलून आहे माझं. गाठी मलाच लागल्या हाताला. डाव्या कानाखाली, वाटाण्याएवढ्या तीन. हिला पत्ताच नाही!

मिनोरी : माझ्या मानेला दुसरं कुणी हात लावत नाही, डॉक्टर. मीसुद्धा नाही.

डॉक्टर : आईवडील?

मिनोरी : आई गेली. बाबा होक्काइदोला, नव्या बायकोकडे. नववर्षाचं कार्ड येतं. छापील.

डॉक्टर : बरं. तर गाठीचा तुकडा तपासला. कॅन्सर नाही. टीबीही नाही.

बाई : हुश्श!

डॉक्टर : याला किकुची आजार म्हणतात. गाठी सुजतात, ताप येतो. दोन-तीन महिन्यांत आपोआप बरं होतं.

मिनोरी : आपोआप? म्हणजे मी इथे परत यायचं नाही?

डॉक्टर : यायचं ना. काहींना पुढे ल्युपस होतो, शरीर स्वतःवरच उलटतं. सहा महिन्यांनी रक्त तपासू.

मिनोरी : दर महिन्याला नाही का जमणार?

डॉक्टर : गरज नाही.

मिनोरी : गरजेचं नाही हो विचारलं.

डॉक्टर : ...मधल्या काळात लक्ष ठेवा. गालांवर पुरळ, सांधेदुखी, केस गळणं. आपलं आपल्याला दिसत नाही. बघणारं कुणी हवं.

बाई : केसांचं मी बघते. आठवड्यातून दोनदा येते ही. सारखं कापून कापून कापण्यासारखं काही उरलंच नाहीये डोक्यावर, आता नुसते धुऊन घेते.

डॉक्टर : मग फॉर्मवर यांनाच लिहा. नाव आणि नातं.

मिनोरी : नात्यात काय लिहू?

डॉक्टर : लिहा... सलून.

मिनोरी : आणि नाव? (बाईकडे वळून) सेन्सेई, सलूनमध्ये सगळे सेन्सेईच म्हणतात, तुमचं नाव काय हो?

बाई : दोन वर्षांनी विचारतेस?

मिनोरी : आरशातल्या माणसाला कोण नाव विचारतं?

बाई : त्सुयाको. आण इकडे पेन, मीच लिहिते. चल, आठवड्यातली एकच सुट्टी माझी.

मिनोरी : सेन्सेई, आज केस धुवाल?

बाई : अगं, दुकान बंद आहे. आणि कालच तर धुतले.

मिनोरी : हो. माहितीय मला.