फडताळामागचं गाणं

...आणि वर आमचे हे मलाच म्हणतात, "अगं, एक चप्पल मार आणि मोकळी हो!" अहो, चप्पल काय मला उचलता येत नाही? पण मारू कशी त्या रातकिड्याला? धाकट्या दिरांचं लग्न जमेपर्यंत घरातल्या एकाही जिवाला इजा करणार नाही, असं व्रत घेतलंय ना मी! तुम्हाला सांगते, मुंग्यांनी साखर पळवली, झुरळं माझ्यादेखत ओट्यावर फेरफटका मारतात, मी आपली म्हणते, "सावकाश जा रे बाबांनो!" व्रत म्हणजे व्रत!

आता भावजींचं जमत का नाही, ते विचारा. माणूस लाखात एक, पण जन्म गेला यंत्रमागांच्या खडखडाटात. तिथे ओरडल्याशिवाय शेजारच्याला ऐकू जात नाही, तीच सवय घरी. मागचं स्थळ आलं तेव्हा नुसतं "बसा ना!" म्हणाले, तर मुलीच्या मामांच्या हातातला कपच सुटला!

त्यात हा रातकिडा. दिवेलागण झाली की फडताळामागून सुरू... किर्रर्र, किर्रर्र! एवढासा जीव, पण पंखाला पंख घासून अख्खी इमारत डोक्यावर घेतो. हे उशीत डोकं खुपसून, मी देवापुढे हात जोडून. व्रत म्हणजे व्रत!

परवा संध्याकाळी दारात कोण? वरच्या मजल्यावरच्या, शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाई. एकट्याच राहतात, स्वभाव गोड, पण त्या दिवशी कपाळाला ही आठी! "वहिनी, वह्या तपासायच्यात हो, किती तो आवाज!" मला कळेना, तक्रार कुणाची... किड्याची की भावजींची? तेवढ्यात भावजी आतून गरजले, "रातकिडाऽऽ आहेऽऽ तोऽऽ!" झालं! म्हटलं, गेल्या याही...

पण बाईंचे डोळेच चमकले हो! "बघू?" म्हणत फडताळामागे वाकल्या, भावजी बॅटरी धरून शेजारी. आणि काय सांगू, ती किर्रर्र थांबली... मग अगदी बारीक, कुणी कानाशी लागावं तशी... चिट्, चिट्. भावजी तोंड उघडणार, तोच बाईंनी ओठांवर बोट ठेवलं. "श्श! मादी आलीय त्याच्याजवळ. लांब असते तोवर जीव तोडून बोलवतो, जवळ आली की गाणंच बदलतो. जवळ आलेल्या माणसापुढे कोण ओरडेल?"

भावजींचे कान लालबुंद! आणि उभ्या आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या तोंडून हळू शब्द आला, "चहा... घेणार?"

तेव्हापासून बाई रोज येतात, रातकिडा ऐकायला. तो केव्हाच गप्प झालाय, तरी येतात! फडताळापाशी बसून दोघांची कुजबुज चालते. हे म्हणतात, "जमलं वाटतं!" मलाही वाटतं, जमलंच... पण खात्री नको? चहाच्या निमित्ताने गेले, पाण्याच्या निमित्ताने गेले, फडताळ पुसायलासुद्धा गेले... एक अक्षर ऐकू येईल तर शपथ! एवढे हळू बोलतात मेले... आणि तोवर ओट्यावर झुरळांचा फेरफटका चालूच. काय करणार? व्रत म्हणजे व्रत!