सासूबाईंसाठी बोटीत टाकी

...नाही, वासाबद्दल माझं काही म्हणणंच नाही. सगळं आयुष्य लोकांच्या तोंडात डोकं घालून काढलंय, दातांचा डॉक्टर आहे मी, वासाला मी भीत नाही. पण तुम्हाला सांगतो, पेशंट निदान तोंड उघडतो हो. 'आ करा' म्हटलं की आ करतो. बोट आ करत नाही. बोटीच्या संडासात शिरायचं म्हणजे आधी एक खांदा, मग मान, मग दुसरा खांदा, आणि एवढं सगळं आत गेलं की आठवतं, पाना बाहेरच राहिला. आणि बाहेर कोण? माझा मेहुणा. हिचा धाकटा भाऊ. वर उन्हात बसून सँडविच खातोय आणि वरूनच विचारतोय, "भावोजी, काही लागलं तर सांगा हं." लागलं ना... कोपराला लागलं, गुडघ्याला लागलं, डोक्याला तर दोनदा लागलं, सांगू कुणाला?

आणि हे सगळं कशापायी, तर एका टाकीपायी. म्हणे, एका दुपारचं काम.

आता तुम्ही म्हणाल, दातांच्या डॉक्टरकडे शिडाची बोट कुठून आली? माझी नाहीच ती. सासऱ्यांची. सासरे दोन वर्षांपूर्वी गेले आणि बोट मेहुण्यात आणि आमच्यात मिळून आली, म्हणजे शिडं त्याच्या वाट्याला आली आणि संडास माझ्या. सासरे असताना दर रविवारी सकाळी बोट घेऊन निघायचे, ते दिवेलागणीला परत. आणि सासूबाई? एकदाही त्या बोटीवर चढल्या नाहीत. अख्ख्या संसारात एकदाही नाही. कारण काय, तर संडास. "त्यातलं सगळं सरळ समुद्रात जातं," म्हणायच्या, "पंप मारला की खाली. मला नाही चालायचं. टाकी बसवा, मग येते." सासरे म्हणायचे, बघू. असं बघता बघता ते गेले.

आणि मध्यंतरी एकदा आम्ही जेवत होतो, सासूबाई आता आमच्याकडेच असतात, मेहुणाही आला होता, तर सासूबाई एकदम म्हणाल्या, "मला एकदा बोटीवर जायचंय. ते त्या दीपगृहापर्यंत जायचे ना, ते बघायचंय मला." हिच्या हातातला डाव तसाच हवेत. आता तुम्हीच सांगा, ऐंशीच्या घरातली बाई, गुडघे धरलेले, कधी कुणाकडे काही मागितलं नाही, आणि ती हे मागतेय, तर तुम्ही नाही म्हणाल? मी म्हटलं, जाऊ की आई, त्यात काय. तर भाताचा घास घेता घेता म्हणाल्या, "टाकी मात्र हवी."

मेहुणा लगेच, "त्यात काय आहे भावोजी? एक टाकी, दोन पाइप. संडासातलं टाकीत जाणार, टाकीतलं धक्क्यावर मशिनने ओढून घेणार. एका दुपारचं काम."

मी आपला सरळ मनाचा, घरी येतो तो प्लंबर घेऊन गेलो. चांगला अनुभवी माणूस. तो आत वाकला, इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि मला म्हणाला, "साहेब, यात सरळ भिंत कुठली?" मी म्हटलं, बोट आहे, सगळंच गोल. "आणि हे हलतं?" म्हटलं, हो, हलतं. त्याने पिशवी उचलली. "घराचं काही काम निघालं तर सांगा," म्हणाला आणि गेला. त्या दिवशी मला कळायला हवं होतं. पण नाही.

मग मेहुण्याने शक्कल काढली. आधी पुठ्ठ्याची टाकी करून बघायची, जागेत बसली की त्याच मापाची प्लास्टिकची करून घ्यायची. ऐकायला किती शहाणपणाचं वाटतं, नाही? पुठ्ठा कापला, चिकटवला, आत नेला, संडासाच्या मागच्या कोपऱ्यात असा बसला की जणू बोट त्याच्याभोवती बांधलीय. आम्ही एकमेकांशी हात मिळवले. टाकीवाल्याला माप दिलं, त्याने जाड, पांढरी, मजबूत टाकी करून दिली. ती टाकी उचलून आम्ही संडासाच्या दारापर्यंत आलो... आणि दारातच उभे राहिलो. टाकी दारातून जाईना. आडवी जाईना, उभी जाईना, तिरकी तर अजिबात नाही. मी मेहुण्याला विचारलं, मग पुठ्ठ्याची कशी गेली रे? तो म्हणाला, "भावोजी, ती मी घडी घालून नेली होती."

घडी घालून! आणि हा माणूस इंजिनिअर आहे, लोकांसाठी पूल बांधतो. मी तेव्हापासून पुलावरून जाताना गाडी जरा जोरातच काढतो.

शेवटी ठरलं की दाराची चौकट कापायची. आता ती चौकट सासऱ्यांनी स्वतःच्या हाताने केलेली, लाकूड कसं तर हात फिरवला की फिरवतच राहावं. मेहुण्याने करवत लावली आणि थांबला. मी म्हटलं, काय झालं? काही नाही म्हणाला. परत लावली, परत थांबला. "बाबा एक अख्खा हिवाळा हिच्यावर घासत बसले होते," म्हणाला, "मी दिवा धरायचो." मी करवत त्याच्या हातातून घेतली आणि त्याला म्हटलं, तू दिवा धर. मी कापली. डॉक्टरच्या हाताने कापली, सरळ कापली, लाकडाचा एक टवकासुद्धा उडू दिला नाही. तो दिवा धरून उभा होता आणि मध्येच म्हणाला, "भुसा गेला डोळ्यात." मी म्हटलं, जातो, भुसा फार वाईट असतो.

टाकी आत गेली. आता जुना पाइप काढायचा. तो काढला, तर आतून काय दिसलं म्हणता? दगड. खाऱ्या पाण्याने आणि बाकीच्या... जाऊ दे, तुमची जेवणं व्हायची असतील... पण आतून सगळा थर जमलेला, कडक, पिवळट. मी बघत राहिलो. मला ओळखीचं वाटलं. हुबेहूब तेच, दहा-दहा वर्षं जे पेशंट फिरकत नाहीत त्यांच्या दातांवर असतं ते! घरी येऊन हिला सांगितलं, तर ही म्हणाली, "बरं झालं, शिक्षण वाया गेलं नाही." आणि अंघोळ झाल्याशिवाय सोफ्यावर बसू नका म्हणाली.

नवीन पाइप म्हणजे वेगळंच प्रकरण. तो इतका ताठ की वळायलाच तयार नाही. उकळत्या पाण्यात टोक बुडवायचं, मऊ झालं की झटकन तोटीवर चढवायचं. झटकन म्हणजे किती झटकन? मी केटलीतून काढून, खांदा, मान, दुसरा खांदा असा आत पोचेपर्यंत तो परत ताठ. मग केटली आत, मी आत, वाफ आत, आणि मेहुणा बाहेरून, "भावोजी, चहा करताय का?" म्हणे, एका दुपारचं काम. त्या दुपारचे आठवडे झाले, आठवड्यांचे महिने होत आले, माझे पेशंट मला विचारायला लागले की डॉक्टर, तुम्हीच कुणाला तरी कंबर दाखवा.

शेवटी सगळं जोडून झालं. नुसत्या पाण्याने चाचणी घ्यायची ठरली, देवाची कृपा की नुसत्या पाण्याने. मेहुणा म्हणाला, मारा पंप. मी मारला. पाणी गेलं. परत मारला. गेलं. मग पंप जड व्हायला लागला. मी म्हटलं, अरे, हे जड होतंय. तो म्हणाला, "नवीन आहे, बसेल हळूहळू." टाकी जरा फुगल्यासारखी वाटली मला. मी म्हटलं, अरे, पाणी आत जातंय ते ठीक आहे, पण आतली हवा कुठून बाहेर पडते? तिकडून बारीक आवाजात, "हवेचा पाइप राहिला वाटतं, भावोजी." आणि 'वाटतं' म्हणेपर्यंत वरचा पाइप तोटीवरून सुटला आणि टाकीतलं सगळं पाणी माझ्या अंगावर.

हवेचा पाइप घातला. त्याला आणखी एक दुपार.

आणि मग तो दिवस आला. सासूबाईंना दोन्हीकडून धरून बोटीवर घेतलं, उशी दिली, शाल दिली. मेहुण्याने शिडं सोडली, वारा असा मऊ, बोट जराशी कलली, ही आईचा हात धरून बसलेली. मी आपला पायऱ्यांपाशी, सासूबाईंना कधी लागेल आणि मी कधी एकदा दाखवतो असं झालेलं. दिवा नवीन, हँडल नवीन, टॉवेलसुद्धा नवीन. निघालो तेव्हा विचारलं, नको म्हणाल्या. दीपगृह आलं. त्या खूप वेळ त्याच्याकडे बघत होत्या. "एवढंच होय," म्हणाल्या, "मला वाटायचं, लांब असेल." मग डोळे पुसले. मी पण थोडा वेळ थांबलो, आणि मग विचारलं, आई, जायचंय का? नको म्हणाल्या. परत निघालो, धक्का दिसायला लागला, माझा धीर सुटला. म्हटलं, आई, अहो संकोच करू नका, तुमच्यासाठीच तर टाकी बसवली.

"मी घरूनच जाऊन आले होते," म्हणाल्या.

आणि वर हसल्या हो. म्हणाल्या, "जावईबापू, तुम्ही फारच मनावर घेतलंत. अहो, टाकीचं काय, काहीतरी कारण सांगायचं म्हणून सांगायचे मी. ते रविवारी बोटीवर गेले की तेवढंच घर माझं असायचं. पाय पसरून बसायचे, रेडिओ लावायचे. टाकी बसवली असती तर जावं लागलं असतं."

मी म्हटलं, मग आता का आलात?

"आता रोजच घर रिकामं," म्हणाल्या, आणि परत पाण्याकडे बघायला लागल्या.

मेहुणा शिडाकडे बघतोय, मी टाकीकडे. आणि तेवढ्यात ही, माझी बायको, आईच्या खांद्यावर डोकं टेकून, अगदी सहज आवाजात मला म्हणते, "अहो, बोट छानच आहे. पण ती खालची चहाची शेगडी फार डुलते बाई. ती नीट केल्याशिवाय मी काही दर रविवारी यायची नाही."

मी हिच्याकडे बघितलं. हिने माझ्याकडे बघितलं नाही.

कळलं हो मला. आज रविवार, टेप घेऊन निघालोय, शेगडीचं माप घ्यायला.